चिलीला माल पाठवण्याआधी लेबल तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारत-चिली व्यापक व्यापार कराराची चर्चा सुरू झाल्यापासून सगळी गणिते आयातशुल्काची मांडली जात आहेत. चिलीचे सर्वसाधारण आयातशुल्क मुळातच 6 टक्के. ते शून्यावर आले तरी शंभर रुपयांच्या मालामागे सहाच रुपये वाचणार. पापड, चिवडा, लोणचे पाठवू पाहणाऱ्या आपल्या लघुउद्योजकांची खरी परीक्षा लेबलावर आहे आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

चिलीचा अन्न-लेबल कायदा जून 2016 पासून लागू आहे. 2019 पासूनच्या मर्यादा कडक आहेत. 100 ग्रॅम घन पदार्थात 275 किलोकॅलरी, 400 मिलिग्रॅम सोडियम, 10 ग्रॅम साखर किंवा 4 ग्रॅम संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) यांपैकी जे ओलांडले जाईल त्याचा काळा अष्टकोनी शिक्का दर्शनी बाजूला लागतो. मीठ, साखर, मेद वरून घातलेल्या पदार्थांसाठी हा नियम आहे. नुसती डाळ, तांदूळ, हळद यातून सुटतात. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे जेमतेम एक ग्रॅम मीठ! उडदाच्या पापडात तर पापडखारातले सोडियमही त्यात धरले जाते. पाम तेलात तळलेल्या चिवड्यावर तीन शिक्के सहज बसतात. शिक्क्यामुळे विक्री थांबत नाही, पण अशा पाकिटावर मुलांना भुलवणारे कार्टून चालत नाही.

पोषणतक्ता स्पॅनिशमध्ये, 100 ग्रॅम आणि एक वाढणी अशा दोन्ही हिशेबांनी हवा. एका वाढणीत 3 ग्रॅम किंवा त्याहून जास्त मेद असेल, तर एकल-असंपृक्त आणि बहु-असंपृक्त मेदही वेगवेगळे दाखवावे लागतात. आपल्याकडच्या नेहमीच्या चाचणी अहवालात हे आकडे नसतात. नमुना देतानाच प्रयोगशाळेला सांगावे, नाहीतर दुसऱ्यांदा पैसे आणि वेळ दोन्ही जातात. स्पॅनिश स्टिकर लावायचा असल्यास त्याखाली बॅच क्रमांक किंवा तारीख झाकली जाता कामा नये. ही चूक फार सोपी आहे.

प्रक्रिया केलेल्या मालाला बंदरातून हलवण्यापूर्वी तिथल्या आरोग्य खात्याचा, माल कोणत्या गोदामात जाणार हे नमूद करणारा दाखला लागतो. तो मिळाला म्हणजे विक्रीची परवानगी मिळाली, असा गैरसमज नको. गोदामातून माल काढायला वापर-परवानगी वेगळी घ्यावी लागते आणि ही दोन्ही कामे दर खेपेला करावी लागतात. घटकयादी, विश्लेषण अहवाल, स्पॅनिश लेबलाचा मसुदा ही कागदपत्रे जहाज निघण्यापूर्वी आयातदाराच्या हाती असावीत.

लाकडी पॅलेटकडेही, म्हणजे खोकी ज्यावर रचून पाठवतात त्या चौकटींकडेही, दुर्लक्ष नको. गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला 30 मिनिटे उष्णताप्रक्रिया केलेली, तसा शिक्का असलेलीच पॅलेट घ्यावीत. ही तपासणी आरोग्य खात्याकडे नसून तिथल्या कृषी व पशुधन सेवेकडे असते. आतल्या चिवड्याचे सगळे कागद बिनचूक असले, तरी शिक्का नसलेल्या एका पॅलेटपायी माल अडू शकतो.

— अन्नप्रक्रिया निर्यात क्षेत्रातील एक वाचक, नाशिक