अध्यक्षांना पत्र : मागच्या आवारातले डास

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

विषय : मागच्या आवारात साचलेलं पाणी काढणे व धूरफवारणी थांबवणे

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या गुरुवारी पुन्हा धूरफवारणी झाली. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे दोन तास दारं-खिडक्या लावून बसलो. शनिवारी मागच्या बाकावर डास पुन्हा तसेच. म्हणून रविवारी सकाळी पांढरा मग घेऊन मी स्वतः मागे फिरले.

जनरेटरच्या खोलीमागे पडलेल्या टायरमधलं पाणी मगात घेतलं. अळ्या डोकं खाली करून लटकत होत्या. वर हात धरला, सावली पडली, तशा वळवळत तळाशी गेल्या. चाळीसपर्यंत मोजल्या आणि थांबले. रंगकामाच्या वेळची ताडपत्री अजून तिथेच आहे, तिच्या घड्यांतही तेच. कुंड्यांखालच्या ताटल्यांचं तर सांगायलाच नको.

धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे आपण पैसे मोजतो आणि पुढची पिढी टायरमध्ये तयारच असते. मरतात ती फुलपाखरं आणि चतुर. चतुराची पिल्लं तर पाण्यात राहून डासांच्या अळ्याच खातात!

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, आपली मुलं तर संध्याकाळी पाचपासून मागेच खेळतात. तो फार लांब उडत नाही, बहुधा शंभर-दोनशे मीटरच्या आतच राहतो. त्यामुळे नाल्याकडे बोट दाखवून चालणार नाही, हे डास आपल्याच आवारातले आहेत.

माझी विनंती एवढीच, की टायर आणि ताडपत्री या आठवड्यात हलवावी आणि दर शनिवारी माळीकाकांबरोबर एका सभासदाने फेरी मारावी. पाणी नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, तेव्हा ताटल्या घासायलाच हव्यात. कमळाच्या टाकीत गप्पी मासे सोडावेत, महापालिकेच्या हिवताप विभागात चौकशी मी करते. मात्र ते टाकीतच राहावेत, नाल्यात किंवा ओढ्यात कुणी सोडू नयेत. सेप्टिक टँकच्या व्हेंट पाईपला नायलॉनची जाळी बांधायला प्लंबरचं अर्ध्या तासाचं काम आहे, रात्री गुणगुणणारे डास तिथून येतात. घरातल्या मनीप्लँटच्या बाटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे ज्याचा त्याने बघायचा, तेवढी सूचना फलकावर लावावी.

सोसायटीत कुणाला डेंग्यू झाला आणि महापालिकेने धूर मारला, तर माझी हरकत नाही. पण दर पंधरा दिवसांचं आपलं कंत्राट बंद करावं.

येत्या शनिवारी सकाळी आठला मी मग आणि घासणी घेऊन मागच्या फाटकाशी थांबते. आपण यावं, टायरमधलं पाणी ओतण्याआधी तुम्हाला दाखवायचं आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक सभासद, बी विंग, तळमजला