पत्र्यांचा आवाज आणि तुझा व्हिडिओ

सोलापूर
20 जानेवारी 2026

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू रागानं फोन ठेवलास, तेव्हापासून जिवाला चैन नाही. परग्रहावरून कुणी बोलतंय असं भासवत 'थ्री-आय अ‍ॅटलास' या धूमकेतूचा घुमणारा आवाज ऐकवणारा, तू पाठवलेला तो व्हिडिओ मी अर्धाच पाहिला आणि "खोटं आहे, डिलीट कर" म्हणून मोकळा झालो. तू म्हणालीस, "पप्पा, तुम्हाला सगळंच खोटं वाटतं." ते मला लागलं, कारण त्या दिवशी तुझं बरोबर होतं. मी नीट न बघताच निकाल दिला होता. म्हणून सुट्टीला कानात हेडफोन घालून तो व्हिडिओ तीनदा ऐकला, जरा वाचलं, आणि मग लिहायला बसलो.

'थ्री-आय अ‍ॅटलासमधून रेडिओ सिग्नल' हे त्यातलं वाक्य पार खोटं नाही. 1 जुलै 2025 ला चिलीमधल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला हा धूमकेतू दिसला. सूर्यमालेबाहेरून आलेला, आपल्याला ठाऊक असलेला हा तिसराच पाहुणा. ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या मीरकॅट या रेडिओ दुर्बिणीनं त्याच्याकडून काहीतरी टिपलं, हेही खरं. पण काय टिपलं? धूमकेतूतल्या बर्फाची वाफ होते, ऊन त्या पाण्याचे रेणू तोडतं आणि हायड्रॉक्सिल तयार होतं. हे हायड्रॉक्सिल 1665 आणि 1667 मेगाहर्ट्झ या दोन ठरलेल्या जागी रेडिओ लहरी शोषून घेतं. म्हणजे आलेखावर त्या दोन ठिकाणी खाच पडली. विणताना ताण्याचे दोन धागे तुटले की चादरीत फट दिसते ना, तशी. कुणी बोललेलं नव्हतं, उलट तिथं काहीतरी कमी झालं होतं. त्यावरून कळलं एवढंच की तिथं पाणी आहे. दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याच्या अंगणातलं पाणी! मला तर हीच बातमी केवढी मोठी वाटली, आणि व्हिडिओत तिचं नावसुद्धा नाही.

आता तो घुमणारा आवाज. आलेखावरच्या खाचेला आवाज नसतो, तो कुणीतरी मागाहून चढवलाय. नासासुद्धा अवकाशातले आवाज ऐकवते, पण काय केलंय ते सांगून. 2022 मध्ये पर्सियस दीर्घिकासमूहातल्या कृष्णविवराचा आवाज सगळीकडे फिरला होता, तुला आठवत असेल. तिथल्या तप्त वायूत दाबाच्या लाटा खरोखर आहेत, पण त्यांचा सूर आपल्या मधल्या सप्तकाच्या 57 सप्तकं खाली आहे. माणसाच्या कानाला तो कधीच ऐकू येणार नाही. म्हणून त्यांनी तो 57-58 सप्तकं वर चढवला आणि तसं लिहिलंही. तुझ्या व्हिडिओत ती चिठ्ठीच नाही, म्हणून मला तो पटत नाही. हे मी फोनवर सांगायला हवं होतं.

तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. मी एका टॉवेलच्या कारखान्यात नवा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होतो. मे महिना. रातपाळीला लाईट गेली आणि सगळे माग बंद पडले की अंधारात वरून आवाज यायचा. टण्... मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टण्, टण्. कांड्या भरणाऱ्या मावशींनी ठरवून टाकलं होतं की मागे अपघातात गेलेला एक कामगार रात्री यंत्रं तपासायला येतो. त्या वेड्या नव्हत्या. आवाज खरा होता, तो मीही ऐकला होता, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला होता. पण मला तो आवाज ओळखीचा वाटत होता आणि कुठला ते आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन बादल्या पाणी घेऊन छपरावर चढलो. पत्रे असे तापलेले की चप्पल चिकटत होती. बादली ओतली. खालून मावशी ओरडल्या, "आला, आला!" तोच आवाज. तापलेला पत्रा गार होताना आकसतो आणि खिळ्यापाशी अडकून टणकतो. रात्री हळूहळू, पाण्यानं एकदम. मावशींना मी हसलो नाही. वर बोलावून दाखवलं, आणि दुसरी बादली त्यांनी स्वतः ओतली.

2003 मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई शेनझोऊ-5 मधून गेला, त्यालाही मधूनच असे ठोके ऐकू आले. बाहेरून कुणी लाकडी हातोडीनं लोखंडी बादली वाजवतंय, असं त्यानं वर्णन केलं. पुढच्या शेनझोऊ यानांमधल्या लोकांनीही ते ऐकले. दाब बदलला की यानाची आतली भिंत किंचित वाकते, त्याचा तो आवाज, असं कारण दिलं गेलं. हे वाचलं तेव्हा मला तो पत्राच आठवला. त्याच्याही आधी, 1962 च्या फेब्रुवारीत अमेरिकेचा अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरत असताना सूर्योदयाच्या वेळी त्याला खिडकीबाहेर काजव्यांसारखे हजारो ठिपके दिसले होते. तीन महिन्यांनी स्कॉट कार्पेंटर गेला. त्यानं आतून यानावर हात आपटला, तसा ठिपक्यांचा थवा उडाला. यानाच्याच वाफेचं हिम बाहेर गोठून चिकटलं होतं. हात आपटून बघावंसं वाटलं, तो माणूस मला फार आवडतो.

आवाज कुठून येतो हे ओळखणं सोपं नसतं, बाळा. मी एकदा सहा नंबरच्या मागाला ठोका येतोय म्हणून त्याची गिअरची बाजू पूर्ण खोलली. अर्धी पाळी वाया गेली, आणि आवाज निघाला शेजारच्या सात नंबरचा, फरशीतून येणारा. ऑस्ट्रेलियात पार्क्सच्या मोठ्या दुर्बिणीवर 1998 पासून अधूनमधून विचित्र रेडिओ झटके यायचे. 2015 मध्ये उलगडा झाला: वेधशाळेतलाच मायक्रोवेव्ह. कुणी तो बंद व्हायच्या आधीच दार उघडलं की झटका. पण गंमत पुढे आहे. त्याच दुर्बिणीवर दुसऱ्याही प्रकारचा झटका मिळाला होता, तो 2007 मध्ये जाहीर झाला. मायक्रोवेव्हवाल्या झटक्यांमुळे त्याच्यावरही लोक शंका घेऊ लागले होते. तो मात्र खरा ठरला, आपल्या आकाशगंगेच्याही पलीकडून आलेला. सगळंच खोटं म्हणणारा तिथं फसला असता.

जोसेलिन बेलबद्दल मला तुला कधीचं सांगायचं होतं. 1967, केंब्रिज. खगोलशास्त्राची विद्यार्थिनी, वय चोवीस, म्हणजे तुझ्याहून चारच वर्षांनी मोठी. दुर्बिणीतून रोज शंभरेक फूट कागद निघायचा आणि ती तो डोळ्यांनी तपासायची. एका ठिकाणी तिला पाव इंचाची खरवड दिसली. ताऱ्यासारखी नाही आणि माणसानं केलेल्या गोंगाटासारखीही नाही. तिनं ती सोडली नाही. कागद जोरात पळवून नोंद घेतली, तर दर 1.33 सेकंदाला एक ठोका, घड्याळासारखा. आधी सगळ्यांना वाटलं की हे माणसाच्याच यंत्राचं काम. पण ती खरवड रोज चार मिनिटं आधी यायची, ताऱ्यांच्या वेळेनं, कारण तारेही रोज तेवढेच आधी उगवतात. तू गिरण्यांचे भोंगे ऐकले नाहीस. आमच्या लहानपणी सगळं सोलापूर त्यांच्यावर उठायचं आणि जेवायचं. माणसाचं यंत्र भोंग्याच्या वेळेला चालतं, तारे भोंग्याला जुमानत नाहीत. या चार मिनिटांवरून कळलं की हे वरचंच आहे. त्याला त्यांनी थट्टेनं 'लिट्ल ग्रीन मेन', म्हणजे परग्रहावरची हिरवी माणसं, असं नाव ठेवलं होतं. मग तिलाच आकाशाच्या दुसऱ्या भागात तसाच आणखी एक सापडला, आणि परग्रहवासीयांची कल्पना मागे पडली. मेलेल्या ताऱ्याचा गाभा गरगर फिरत होता. पल्सार. 1974 चं नोबेल तिच्या मार्गदर्शकाला मिळालं, तिला नाही. याचा मला आजही राग येतो.

तू म्हणशील, हे सगळं परदेशातलं. 2022 च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी आभाळातून जळत जाणारे गोळे पाहिले. कुणी उल्का म्हणालं, कुणी क्षेपणास्त्र. चंद्रपूरकडे सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी कडीच पडली. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. आपल्या जिल्ह्याचंही सांगतो. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्था मोठे फुगे सोडते, ते तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात आणि त्यांची उपकरणं सोलापूर जिल्ह्यातही उतरू शकतात. हात लावू नका, पोलिसांना कळवा, अशी सूचना ते देतात. खाली दिवेलागण झालेली असते, पण एवढ्या उंचीवर अजून ऊन असतं. तेव्हा फुगा वर चमकत राहिला, तर बघणाऱ्यानं काय समजावं?

उत्तर न मिळालेल्याही गोष्टी आहेत, त्या मी तुझ्यापासून लपवणार नाही. 2017 मध्ये सूर्यमालेबाहेरून आलेला पहिला पाहुणा ओउमुआमुआ शेपूट न दाखवता किंचित वेग वाढवून गेला, त्यावर अजून वाद आहे. 1977 मध्ये अमेरिकेतल्या बिग इअर दुर्बिणीला 72 सेकंदांचा एक जोरदार सिग्नल मिळाला, कागदावर शेजारी 'वॉव' लिहिलेला. तो पुन्हा कधी मिळाला नाही. तो परग्रहावरचा होता असं मी म्हणणार नाही, आणि नक्की नव्हता असंही नाही. माझी कामाची वही तू पाहिली आहेस. प्रत्येक मागाचा बिघाड, कारण, तारीख. त्यात चौदा नंबरच्या पुढे दोन महिने फक्त प्रश्नचिन्ह आहे. एक बारीक कुरकुर येते, पाऊस पडला की थांबते. मालक म्हणतात, लिही काहीतरी आणि सोड. मी लिहिलेलं नाही.

28 फेब्रुवारीला विज्ञानदिनी खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण बघायला जाऊ या का? 45 मीटरच्या तीस तबकड्या, आणि जागा निवडली तीच माणसांचा रेडिओ गोंगाट कमी म्हणून. तू सातवीत असताना नेतो म्हणालो होतो आणि पाळी आडवी आली. या वेळी मी पाळी आधीच बदलून घेतली आहे. तू पुण्याहून ये, मी नारायणगावच्या स्टँडवर असेन. तुझा तो व्हिडिओ मोबाईलमध्ये राहू दे. तिथं कुणाला तरी विचारू.

आईनं शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून ठेवल्या आहेत, त्या सोबत आणतो.

तुझे
पप्पा