अर्ज भरण्याआधी

प्रिय सई,

टेनिसकडे पूर्ण लक्ष द्यायचं म्हणून यंदा गाण्याच्या मध्यमा प्रथम परीक्षेला बसणार नाहीस, असं म्हणालीस. शिवाय, आपला आवाज काही थोर नाही, असंही. निर्णय तुझाच. पण त्याआधी टेनिसपटू अल्थिया गिब्सनबद्दल वाच.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये वाढलेली ही कृष्णवर्णीय मुलगी. तिला सॅक्सोफोनची भारी हौस. मुष्टियोद्धा शुगर रे रॉबिन्सनने तिला तो घेऊन दिला. पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला एका डॉक्टरांच्या घरी राहून ती शिकली. सरावाला डॉक्टरांच्या परसातलं कोर्ट, कारण गावातल्या सार्वजनिक कोर्टांवर कृष्णवर्णीयांना मज्जाव! सॅक्सोफोन मात्र शाळेच्या बँडमध्ये वाजायचा. फॉरेस्ट हिल्सला भरणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय टेनिस स्पर्धेत ती १९५० साली उतरली. तोवर तिथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नव्हता.

१९५७ आणि १९५८, दोन्ही वर्षी विंबल्डन आणि अमेरिकेचं एकेरीचं विजेतेपद तिचं. पहिल्या विंबल्डन विजेतेपदाला तर खुद्द एलिझाबेथ राणीच्या हातून बक्षीस मिळालं. पैसा मात्र नाही. त्या काळी या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या. बक्षिसाची रक्कम घ्यायची मुभाच नव्हती. विंबल्डन व्यावसायिकांना खुलं झालं १९६८ मध्ये. जगात पहिली असलेल्या या बाईला पोटाची चिंता होती, हे वाचताना मला अजून राग येतो.

मग ती गायली. तरुणपणी हार्लेमच्या अपोलो थिएटरातल्या हौशी कलाकारांच्या स्पर्धेत तिचा दुसरा क्रमांक आला होता. आता एड सुलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात गायली, १९५९ मध्ये तिच्या गाण्यांची रेकॉर्डही निघाली. ती फारशी खपली नाही. त्या वर्षी हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या बास्केटबॉल सामन्यांआधी टेनिसचे प्रदर्शनी सामने खेळून मात्र तिने कमावलं.

तेव्हा गाण्यातून पुढे काही मिळेल, असं मी तुला सांगत नाही. तिलाही फारसं मिळालं नाही. पण कोर्टवर सगळ्यांच्या पुढे असलेली ही बाई, जिथे आपण पहिल्या नाही तिथेही हजारो लोकांसमोर उभी राहून मोकळेपणाने गायली. मला तिच्या विजेतेपदांइतकंच हे मोठं वाटतं. थोर आवाज नसलेल्यांनी गाणं सोडायचं, हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं?

सकाळचा सराव आणि रियाज दोन्ही जमत नसतील तर रियाज अर्ध्या तासावर आण, मला चालेल. परीक्षेची फी मी वेगळी काढून ठेवली आहे. गाण्याच्या बाईंशी मी अजून बोललेले नाही. जे ठरवशील ते तूच त्यांना सांग.

तुझी,
आई