पोटोमॅकचं पाणी आणणारा मेग्ज

प्रिय चि. केदार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वॉशिंग्टनला खोली मिळाली, काळजी मिटली. तिथल्या नळाचं पाणी कुठून येतं, याची चौकशी केलीस का? पोटोमॅक नदीवरच्या ग्रेट फॉल्सकडून शहरापर्यंत ते पंपाविना, नुसत्या उतारावर आणायच्या सोयीचं काम 1853 मध्ये सुरू झालं. पाणीपुरवठ्यात जन्म गेलेला बाप दुसरं काय विचारणार!

ते काम माँटगोमेरी मेग्ज या लष्करी इंजिनियरचं. 1836 साली वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडला. कॅबिन जॉन ओढ्यावर त्याने एकाच कमानीचा दगडी पूल बांधला, गाळा 220 फुटांचा. सुमारे 40 वर्षं जगात तेवढी मोठी दगडी कमान नव्हती. पण मला जास्त आवडतं ते रॉक क्रीकवरचं काम. तिथे 48 इंची बिडाच्या पाइपांचीच कमान केली. आतून पाणी, वरून रस्ता! हे सुचायला डोकं लागतं आणि मंजूर करून घ्यायला छाती.

कॅपिटॉलच्या, म्हणजे तिथल्या संसद भवनाच्या, घुमटाचं कामही त्याच्याकडेच होतं. ठेक्यांवरून युद्धमंत्री फ्लॉइडशी त्याचं बिनसलं, तो नमेना. 1860 मध्ये बदली झाली थेट ड्राय टॉर्टुगाज बेटांवर, किल्ल्याच्या बांधकामावर. शहराला पाणी देणाऱ्याला गोड्या पाण्याचा झराही नसलेल्या जागी धाडलं. अशा बदल्यांना आमच्या खात्यात जे म्हणत ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. फ्लॉइड गेले, मेग्ज परतला आणि 1861 मध्ये क्वार्टरमास्टर जनरल झाला. यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेचे कपडे, तंबू, घोडे, गाड्या सगळं त्याच्या हाताखालून गेलं.

माणूस मात्र गोड नव्हता. आपलं नाव लोखंडावर, दगडावर कोरून घ्यायची भारी हौस. आणि ज्या रॉबर्ट लीच्या हाताखाली तरुणपणी मिसिसिपी नदीवर काम केलं, तो यादवी युद्धात दक्षिणेच्या फौजेचा सेनापती झाला, त्याचा राग शेवटपर्यंत धरला. 1864 मध्ये लीच्या आर्लिंग्टनच्या घराभोवतीच सैनिकांची दफनभूमी करवली, कबरी पार फुलबागेच्या कडेपर्यंत नेल्या. त्याच वर्षी त्याचा स्वतःचा मुलगा युद्धात मारला गेला. हे वाचल्यावर मला त्याच्याबद्दल काय वाटावं, तेच कळेना.

कॅबिन जॉनचा पूल अजून वापरात आहे, एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. गेलास तर खाली ओढ्यात उतरून कमानीच्या बुडाचे फोटो काढ. वरून काढलेले मला नकोत.

तुझे,
बाबा