शनिवारचा खेळ: 'हॅक्सन' (१९२२)

सभासदांनो, नमस्कार.

या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये बेंजामिन क्रिस्टेन्सन यांचा 'हॅक्सन' दाखवत आहोत. चेटूक आणि सैतानपूजेवरचा हा स्वीडिश मूकपट. १९६८ साली निवेदन जोडून छोटी केलेली आवृत्ती नव्हे, मूळ मूकपटच.

कृपया वेळेवर या. पहिल्या प्रकरणात जुनी चित्रं आणि माहितीच आहे, म्हणून उशिरा आलं तरी चालेल असं वाटू शकतं. तसं करू नका. पुढे म्हातारीला चेटकीण ठरवून तिच्याकडून कबुली वदवून घेतात, तेव्हा ती पहिली पंधरा मिनिटं आठवतात. सैतानाची भूमिका स्वतः दिग्दर्शकाने केली आहे. पण मला खरी भीती वाटली ती त्या शांतपणे प्रश्न विचारणाऱ्या धर्मगुरूंची.

छळाची दृश्यं आहेत, तेव्हा लहान मुलांना आणू नये.

खेळानंतर चर्चा होईल. आपल्याकडे २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तरी करणी-भानामतीच्या संशयावरून माणसांना मारहाण होते. त्यावर ज्यांना बोलायचं आहे, त्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव कळवावं.

– कार्यवाह