गोळी परस्पर बंद करू नये

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मला रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल सुरू झाल्याचे तीन महिने कळवले नाही म्हणून आई रागावली आहे, असे ताईने सांगितले. तुम्ही दोघे रात्र रात्र जागाल, एवढ्याच धास्तीने सांगायचे राहिले. लपवण्याचा हेतू नव्हता. सुरुवातीला हातपाय गार पडत आणि जिना चढताना थकवा येई, पण आता मी ठणठणीत आहे.

इथल्या औषधविक्रेत्याची तऱ्हा मात्र मला अजून उलगडलेली नाही. दर महिन्याला तेच औषध नेणारा मी तोच माणूस, तरी तो गोळ्यांच्या डबीवर हात ठेवून पहिल्यांदाच भेटल्यासारखे विचारतो, की दमा आहे का, मधुमेह आहे का, व्हेरापमिल किंवा डिल्टियाझेम ही हृदयाची नाडी मंदावणारी औषधे चालू आहेत का, सर्दीची गोळी स्वतःच्या मनाने घेतली का. आणि प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’ ऐकल्याशिवाय हात उचलत नाही. एकदा वैतागून कारण विचारले, तेव्हा म्हणाला, की या गोळीने छातीची धडधड आणि हाताची थरथर दबते, त्यामुळे साखर फार उतरली तरी मधुमेह्याच्या लवकर ध्यानात येत नाही, घाम तेवढा सुटतो. तुम्हालाही मधुमेह, म्हणून मला तुम्हीच आठवलात.

त्यात रक्तदाब १२० वर आला म्हणून तुम्ही ॲटेनोलॉल, म्हणजे माझ्या गोळीच्याच जातीची तुमची गोळी, बंद केल्याचे वाचले आणि जीव टांगणीला लागला. बाबा, तो आकडा गोळीमुळे आला असणार. ती एकदम थांबवली तर आवरून धरलेले हृदय उलट जोराने धावू लागते, छातीत दुखते, प्रसंगी झटकाही येतो. म्हणून थांबवायचीच झाल्यास डॉक्टर एक-दोन आठवड्यांत मात्रा हळूहळू उतरवतात. तेव्हा पत्र वाचताच डॉक्टरांना फोन करून किती दिवस खंड पडला ते सांगा, आणि भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका. रोज सकाळी गोळीआधी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. ती ५० च्या खाली गेली किंवा चक्कर आली, तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. माझी आज ५८ होती.

ताईच्या लग्नासाठी पैसे पाठवले आहेत, ते परत करण्याची भाषा नको; तयारीला हातभार लावता येत नाही, निदान एवढे तरी. लग्नाच्या गर्दीत तुमच्या गोळ्या आईच्या पर्समध्ये असू द्या. मला आठ दिवसांची रजा मिळाली आहे. आल्याबरोबर तुमची नाडी मी मोजणार आहे, तेव्हा हात मागे घेऊ नका.

आपला,
धाकटा