मागच्या चाकांना जोर कुठून मिळतो, तेही छापा

संपादक महोदय,

इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाड्यांबद्दल हल्ली पुष्कळ छापून येतं. बहुतेक सगळं मायलेजभोवती फिरतं, नाहीतर हॉर्सपॉवरभोवती. डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्याला तेवढं पुरतं. मी भूगर्भ सर्वेक्षणाचं काम करते आणि गेली 22 वर्षं डिझेलची, हाताने गिअर टाकायची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी चालवते. माझं काम रस्ता संपतो तिथे सुरू होतं. तिथे हायब्रिड कितपत चालेल, हे या दोन आकड्यांवरून कळत नाही.

दगडांची चढण घ्या. गाडी लो गिअरमध्ये आहे आणि डाव्या चाकापुढे मोठा धोंडा आहे. इंजिनचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, फार खाली गेले की ते धडधडतं आणि बंद पडतं, म्हणून पाय जरा जास्त दाबावा लागतो. मग गाडी धोंड्यावरून उसळते आणि पलीकडे आदळते. हाफ क्लचवर धरून ठेवली, तर क्लच प्लेट जळाल्याचा वास येतो. दोन प्लेटा मी अशाच घालवल्या आहेत.

गेल्या वर्षी एका सहकाऱ्याची प्लग-इन, म्हणजे बाहेरून चार्ज करता येणारी हायब्रिड अशाच चढणीवर चालवली. इंजिन बंद होतं, गाडी फक्त मोटरवर होती. चाक धोंड्याला टेकलं आणि थांबलं. मी पाय जरासा दाबला, तशी गाडी बोटभर सरकली आणि पुन्हा थांबली. खिडकी उघडी होती, टायरखाली खडे चुरडल्याचा आवाज ऐकू येत होता. कुठलं चाक पकडतंय आणि कुठलं घसरतंय, ते मला कानांनी कळत होतं. मोटर शून्य आरपीएमपासूनच पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर देते, हे वाचलेलं होतं. त्याचा अर्थ त्या चढणीवर समजला. म्हणून हायब्रिडला माझा विरोध नाही, मला ती हवीच आहे.

पण दुसराही अनुभव सांगते. भाड्याने घेतलेल्या एका हायब्रिडवर फोर बाय फोर अशी ठसठशीत पाटी होती. भुसभुशीत वाळूत शिरल्यावर थोड्याच वेळात डॅशबोर्डवर मोटर तापल्याची सूचना आली आणि मागच्या चाकांनी जोर सोडला. पुढची दोन चाकं जागच्या जागी खड्डा खणत राहिली. फावड्याने वाळू उपसून गाडी बाहेर काढेपर्यंत तीन तास गेले. नंतर खाली वाकून पाहिलं तर इंजिनकडून मागच्या ॲक्सलकडे जोर नेणारा दांडा, म्हणजे शाफ्टच नव्हता. मागे एक लहानशी मोटर, बस्स. पावसात घसरड्या वळणावर ती गाडी सावरेलही, पण वाळूत तासभर राबायला ती केलेलीच नव्हती.

माझं म्हणणं एवढंच की या दोन्ही गाड्यांना एकच नाव देऊ नये. जीप रँग्लर 4एक्सई किंवा टोयोटाची लँड क्रूझर 250 हायब्रिड यांत मोटर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या साखळीतच बसवली आहे. पुढे जोर दोन्ही ॲक्सलांना वाटणारी ट्रान्सफर केस, सावकाश पण जास्त जोराने चालायची लो रेंज आणि मागे जाणारा शाफ्ट, सगळं शाबूत आहे. बॅटरी संपली तरी इंजिनचा जोर चारही चाकांपर्यंत पोचतो. शाफ्ट नसलेली प्रत्येक गाडी कुचकामी असते, असंही मी म्हणणार नाही. 2024 ची डकार रॅली ही वाळवंटातली शर्यत कार्लोस साइन्झने ज्या ऑडीतून जिंकली, तिच्या पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये यांत्रिक जोडणीच नव्हती. पेट्रोल इंजिन फक्त जनरेटर फिरवत होतं. पण तिच्या मोटरी आणि त्यांचं कूलिंग वाळवंटासाठीच घडवलेलं होतं. प्रश्न सगळा मोटर किती वेळ दम धरते याचा आहे. चढणीवर गाडी चालण्याच्या वेगाने जाते, वारा लागत नाही आणि उष्णता साचत राहते.

उताराचा विषय तर कुणी काढतच नाही. उतारावर मोटर जनरेटरसारखी फिरून गाडी धरते आणि ती वीज बॅटरीत भरते. अडीच टनांची गाडी 300 मीटर खाली उतरली की साधारण 2 किलोवॉट-तास ऊर्जा मोकळी होते. लँड क्रूझर 250 ची बॅटरी 1.87 किलोवॉट-तासांची आहे. टायर आणि घर्षणात बरंच खर्ची पडतं हे खरं, पण बॅटरी वर असताना रिकामी नसतेच. उतार लांबला की ती भरते, आणि भरली की मोटरचं ब्रेकिंग गळतं. अशा वेळी लो गिअरमध्ये इंजिनने गाडी धरून ठेवली नाही, तर सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. मोठ्या बॅटरीलाही हे चुकत नाही. वरच्या मुक्कामावर ती पूर्ण चार्ज करून निघालात, तर पहिल्याच उतारावर तिच्यात जागा नसते.

वजन वाढतं, तेही चिखलात जाणवतं. उलट खडकाचा नमुना, म्हणजे कोअर, कापायचं यंत्र गाडीच्या विजेवर चालवता आलं, तर आमचा जनरेटर वाहून न्यायचा त्रास वाचेल.

तेव्हा आपल्या वाहन परीक्षकांना माझी विनंती आहे की पुढच्या वेळी हायब्रिड फोर बाय फोरबद्दल लिहिताना गाडीखाली वाकून पाहावं. मागे शाफ्ट आहे की नुसती मोटर, लो रेंज आहे का, पूर्ण जोरावर मोटर किती मिनिटं टिकते, बॅटरी भरलेली असताना उतारावर गाडी कशाने धरते, किती सेंटीमीटर पाण्यातून जाऊ शकते, हे लिहावं. कंपनी सांगत नसेल तर तसंही छापावं. माझ्या डिझेलचे 3 लाख किलोमीटर होत आले आहेत आणि नवी गाडी याच वर्षी घ्यायची आहे.

आपली,
एक वाचक